माहूजच्या टोळीची म्होरकी

आमच्या घरातलं शेवटचं नाणं ह्यांनी एका शुक्रवारी सकाळी देव्हाऱ्याखालच्या वाटीतून उचललं आणि माझ्या नेमाला पहिला तडा गेला.

हे म्हणजे जयप्रकाश, आमचे यजमान. मोबाइलमधलं पाकीट चालवणाऱ्या एका कंपनीत हे तपासणी विभागात आहेत. कुणी कुणाला पैसे पाठवले, त्यात काही काळंबेरं आहे का, हे दिवसभर पडद्याकडे बघत शोधायचं हे ह्यांचं काम. स्वभाव मूळचाच संशयी. लग्नानंतर कित्येक वर्षं तो घरात फुकट वाया जात होता, बहारीनला आल्यावर त्याचा पगार मिळू लागला. तर त्या महिन्यात कंपनीने 'रोख हद्दपार' अशी मोहीम काढली होती, आणि हद्दपारीची सुरुवात ह्यांनी माहूज भागातल्या आमच्या फ्लॅटपासून केली.

"अहो, ती देवाची वाटी आहे," मी म्हटलं.

"अगं सुनंदा, आपल्याच घरात चिल्लर खुळखुळायला लागली तर मी लोकांना कुठल्या तोंडाने सांगू?"

"पण माझं रोजचं दान?"

"त्याचंही पाकीट उघडून देतो. स्टाफ फॅमिलीला फुकट आहे."

माझे नेम फार नाहीत. सोमवारी उपास, बुधवारी दुपारपर्यंत मौन, गुरुवारी आळणी. शनिवारी मी कुणालाही 'नाही' म्हणत नाही, आणि हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे शनिवारी माझ्याकडे फार वर्दळ असते. शिवाय रोज सकाळी आंघोळ करून, देवापुढे काहीतरी दान ठेवल्याशिवाय मी चहा घेत नाही. वाटी भरली की सूकमधल्या, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातल्या, मंदिराच्या पेटीत रिकामी करायची. एवढंच. पण आता वाटीत ठेवायला नाणं नाही, आणि फोनमधलं पाकीट देवापुढे उपडं करता येत नाही. मी बिनचहाची, डोकं धरून बसले.

अशा वेळी शेजारी धावून येतात. खालच्या मजल्यावरची रुपाली म्हणाली, "काकू, ऑनलाइन दान करा ना. हल्ली देवसुद्धा ऑनलाइन आहेत. माझ्या सासूबाई अभिषेकसुद्धा घरबसल्या करतात." तिने मला पुण्याच्या कुठल्याशा भजनाच्या ग्रुपमध्ये घातलं. दुसऱ्याच दिवशी त्या ग्रुपवर, दोन अभंगांच्या मधे, एक निरोप आला. कमळात बसलेली देवी, दोन्ही बाजूंना हत्ती, देवीच्या तळहातातून मोहरा गळताहेत, खाली समया तेवताहेत. खाली लिहिलं होतं: इथे दाबा.

मी डोळे मिटून नमस्कार केला आणि दाबलं.

आत काय देखावा होता म्हणून सांगू! पाच उभे खांब, प्रत्येकात शंख, कमळ, कलश, दिवा आणि हत्ती. मागे मंद घंटानाद. आधी पाकिटातून रक्कम पाठवायची, मग एक बटण दाबलं की खांब गरागरा फिरायचे. दक्षिणा झाली, मग प्रदक्षिणा. क्रम अगदी शास्त्राला धरून होता. फिरणं थांबेपर्यंत मी हात जोडून उभी राहत असे.

पैसे मात्र कुठल्या देवस्थानाच्या नावाने जात नव्हते. कधी हूरा वस्तीतल्या मोबाइल दुकानाच्या नावाने, कधी कुणा व्यक्तीच्या नावाने. दर काही दिवसांनी नंबर बदलायचा. मला त्यात नवल वाटलं नाही. विश्वस्त बदलत असतील. आमच्या मंडळातही गणपतीचा खजिनदार एका आरतीपासून दुसऱ्या आरतीपर्यंत टिकत नाही.

आणि वर कोपऱ्यात एक आकडा होता. तो कधी वाढायचा, कधी घटायचा. माझी खात्री पटली की हे पुण्य. आपण काय वागतो याची तिकडे नोंद होत असणार. चित्रगुप्ताने तरी किती दिवस बोरूने लिहायचं?

तुम्ही हसाल. पण अनुभव तसाच येत होता. ज्या दिवशी मी भाजीवाल्याशी चढ्या आवाजात बोलले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा झपकन उतरला. दोन दिवस गोड बोलले, तर पाचही खांबांत कलश आले, शंख वाजले, पडदाभर मोहरांचा पाऊस पडला आणि आकडा असा फुगला की मला भरून आलं. मी उठून घरातली घंटा वाजवली. हे आतून ओरडले, "दारावर कोण आहे बघ!"

हे सगळं मी रुपालीला सांगितलं नसतं तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण पुण्याची गोष्ट एकटीने कशी खायची? रुपालीने घेतलं. तिने वरच्या मजल्यावरच्या पूर्णिमाला सांगितलं. सकाळी आमच्या तिघींच्या स्वयंपाकघरांतून एकाच वेळी घंटानाद सुरू व्हायचा, आणि नंतर जिन्यात आकड्यांची विचारपूस.

एके दिवशी रुपाली रडवेली होऊन आली. "काकू, माझं शून्य झालं."

"शून्य? अगं, केलंस तरी काय तू?"

ती पदराशी चाळा करत राहिली. पदर म्हणजे ओढणी, पण चाळा तोच. "काल सासूबाईंचा फोन आला होता. मी नेटवर्क नाही असं सांगून ठेवून दिला."

"लाव बघू आत्ता फोन."

तिने माझ्यासमोर सासूबाईंना फोन लावला, माफी मागितली, पुढच्या सुट्टीत त्यांना महिनाभर बहारीनला बोलावलं. मग त्या माऊली म्हणाल्या, "रुपाली, तुझी तब्येत बरी आहे ना गं?" रुपालीने पुन्हा थोडी रक्कम पाठवली आणि आकडा भराभर चढला. आता सांगा, कुणाची श्रद्धा बसणार नाही?

मग बुधवार आला. मी मौनात होते आणि फोन वाजला. एक मधाळ आवाजाचा माणूस हिंदीत म्हणाला, "सुनंदाजी, आप हमारी सबसे पुरानी और सबसे वफादार सदस्य हैं. आज तक आपने एक बार भी पैसा निकाला नहीं. हम आपको गोल्ड मेंबर बनाना चाहते हैं. मंजूर है?"

मौनात बोलायचं नाही, पण हुंकाराला शास्त्राची मनाई नाही. मी म्हटलं, "हं."

"रोज की रकम थोडी बढा दें?"

"हं."

"सहेलियों को भी लाइएगा?"

"हं."

"धन्य हैं आप," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने इतक्या वर्षांत हा शब्द वापरला नव्हता. जेवताना मी ह्यांना म्हटलं, "अहो, मला देवस्थानचं सुवर्ण सदस्यत्व मिळालं." हे लॅपटॉपमध्ये डोकं घालून म्हणाले, "छान. आमटी वाढ."

पण ह्यांचंही चुकलं नाही. ह्यांना त्या दिवसांत एका प्रकरणाने पछाडलं होतं. शेवटी एकदा जेवताना तोंड उघडलं.

"आमच्या पाकिटांतून ऑनलाइन जुगाराच्या अड्ड्यावर पैसे चाललेत. इथे जुगार म्हणजे थेट गुन्हा. एक टोळीच आहे, आणि गंमत म्हणजे आपल्याच माहूजमधली. नावं अजून झाकलेली आहेत, वरून परवानगी आली की उघडतील. पण म्होरक्या भलताच पोचलेला आहे."

"कशावरून?" मी पोळी वाढत विचारलं.

"रोज पहाटे उजाडता उजाडता पैसे टाकतो. एक दिवस खाडा नाही! आणि जिंकलेले पैसे कधीही काढत नाही. असा जुगारी जगात नसतो. म्हणजे कुणाचा तरी काळा पैसा फिरवत असणार. मधेच एका मंगळवारी रक्कम दुप्पट केली. सगळं डिपार्टमेंट त्या तारखेवर डोकं आपटतंय. आम्ही फुटबॉलच्या मॅचेस तपासल्या, घोड्यांच्या शर्यती तपासल्या, पगाराच्या तारखा तपासल्या. मफी! काही लागत नाही."

"त्याचं काय होईल हो?"

"वॉलेट खलास. वर कळवलं तर पोलीस. आणि आमच्यापैकी कुणाच्या घरातला निघाला, तर त्याची नोकरी आणि व्हिसा दोन्ही. सामान बांधायलासुद्धा पुरेसा वेळ मिळायचा नाही. पण आमच्यातलं असं हलकट कोण निघणार?"

मला त्या बिचाऱ्या माणसाची फार दया आली. त्यालाही बायकापोरं असतील. दुसऱ्या दिवशी पहाटे मी देवीला म्हटलं, आई, त्या म्होरक्याला सद्बुद्धी दे. आणि त्याच्या नावाने थोडी जास्तच दक्षिणा पाठवली.

खांब अजून फिरत होते, एवढ्यात दारावर टकटक झाली. समोरच्या मुनीराभाभी. ह्या रत्नागिरीकडच्या, त्यांचे यजमान नझीरभाई कपड्यांच्या व्यापारात आहेत. घावन केले की पहिली रास आमच्याकडे येते. भाभी ताट घेऊन सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि थबकल्या. देव्हाऱ्याशेजारी पाट, पाटावर फोन, फोनपुढे उदबत्ती.

"अगो वैनी, फोन जळंल गो तुजा! काय पूजतंस ह्यां?"

"ऑनलाइन प्रदक्षिणा आहे, भाभी. दर्शन घ्या. सगळ्यांसाठीच आहे."

भाभींनी वाकून पाहिलं. एक कमळ आलं, एक शंख आला. भाभींनी हातातलं ताट ओट्यावर ठेवलं आणि खुर्चीवर बसल्या.

"तौबा तौबा! वैनी, ह्यो जुगार हाय."

"काहीतरीच काय भाभी! देवी आहे ती."

"देवी नाय गो. माजो दीर खिजर, आठवतो ना तुला? त्याच्या फोनात खजूर न् उंट होते, बाकी ह्याच घंटा, ह्यांच चाक. त्याने गाडी घालवली, बायकोचे दागिने घालवले. आता गावाला आंब्याच्या बागेत राखण करतो. मी ह्यो आवाज झोपेत पण वळखीन."

भाभींचे डोळे भरून आले होते, म्हणून मला हसण्यावारी नेता येईना. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. देवीने एक डोळा मिचकावला. ती रोजच मिचकावायची. मी आजवर तो कृपाकटाक्ष समजत होते.

आणि मग मला एकेक आठवायला लागलं. उजाडता उजाडता. खाडा नाही. पैसे काढत नाही. मंगळवारी दुप्पट.

"भाभी," मी म्हटलं, "म्होरक्या मी आहे."

"कुठला म्होरक्या गो?"

मी सगळं सांगितलं. भाभींनी मला पाणी दिलं. चहा मीच नको म्हटला, कारण त्या दिवशीचं दान झालं की नाही हे ठरवणं आता धर्मशास्त्राच्याही पलीकडचं होतं. भाभी म्हणाल्या, "जयप्रकाशभाईंना आजच सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर मरतील ते. मी दारात उभी ऱ्हाते, आवाज चढला तर आत येते."

संध्याकाळी हे घरात आले, बूट काढायला वाकले, तेव्हाच मी सांगून टाकलं. वाकलेल्या माणसाला धक्का कमी बसेल अशी माझी समजूत. हे वाकलेलेच राहिले.

"तू?"

"हो."

"टोळी?"

"रुपाली आणि पूर्णिमा. माझ्याच नादाने."

"आणि तो मंगळवार?"

"अहो, अंगारकी नव्हती का!"

"अंगारकी!" हे ताठ झाले. बायको जुगारी निघाल्याचं दुःख क्षणभर मागे पडलं आणि चेहऱ्यावर अक्षरशः उजेड पडला. "अंगारकी! चार देशांची माणसं त्या तारखेवर डोकं आपटत होती, आणि मी, मी सुद्धा त्या दिवशी उपासाची खिचडी खाऊन ऑफिसला गेलो होतो!" मग उजेड मावळला. हे खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "सुनंदा, उद्या नावं उघडतील."

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. दारातून मुनीराभाभी अंदाज घेऊन परत गेल्या. आवाज मुळी चढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी नावं उघडायच्या आत आम्ही दोघं ह्यांच्या साहेबांपुढे बसलो होतो. साहेब म्हणजे खदिजा मॅडम, बहारीनी बाई, वयाने माझ्याएवढ्या, अंगात काळा पायघोळ अबाया, नाकावर चष्मा. हिंदी आपल्यापेक्षा बरं बोलतात. त्यांनी ह्यांना बाहेर बसायला सांगितलं. हे उठताना माझ्या खांद्याला ओझरता हात लावून गेले. ऑफिसात! मी तेवढ्यानेच निम्मी झाले.

मी पहिल्यापासून सांगितलं. वाटी, नाणं, शंख, पुण्य. मधे मधे मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या. रडत होत्या की हसत होत्या, ते त्यांच्या देवाला ठाऊक. शेवटी म्हणाल्या, "एक बात बताओ. इतना जीता, तो निकाला क्यों नहीं? यहीं पर सबको शक हुआ."

"मॅडम, दान दिया हुआ वापस कैसे लेंगे?"

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग म्हणाल्या, "मेरी माँ भी यही कहती थी. सदका दे दिया तो दे दिया, मुड़ के देखना भी नहीं." आणि पडदा माझ्याकडे वळवला. "पर बहन, मेरी मुश्किल देखो. यहाँ दो ही कारण लिख सकते हैं. एक, गिरोह. वह लिखा तो मामला सरकार में जाएगा, जयप्रकाश की नौकरी खलास. दूसरा, जुए की लत. उसमें वॉलेट बंद, डॉक्टर के पास काउन्सेलिंग, डॉक्टर का सर्टिफिकेट आया तो फाइल बंद. नौकरी बच जाएगी, इंशाल्ला."

"और तीसरा? भूल से? भक्ति से?"

"तीसरा मफी," मॅडम हळुवारपणे म्हणाल्या. "बनाने वाले ने सोचा ही नहीं."

माझ्या माहेरी पत्त्यांचा कॅटसुद्धा नव्हता. चुलत्यांनी एकदा दिवाळीत आणला, तर आजोबांनी त्यावर गोमूत्र शिंपडलं होतं. काचेपलीकडे हे बसलेले दिसत होते. ऑफिसातल्या माणसाने दिलेला चहा हातात तसाच, निवलेला. ह्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतला, पण कालपासून माझ्यावर एकदाही घेतला नव्हता.

"लत लिखो," मी म्हटलं. "और बाकी दोनों का भी मेरे ऊपर लिखो. उनको मैंने सिखाया."

अशा रीतीने हूऱ्यातल्या एका दवाखान्यात माझी रवानगी झाली. डॉक्टर केरळचे, वयस्कर, इतके प्रेमळ की त्यांना खोटं सांगवेना. आणि खरं सांगून भागेना. सर्टिफिकेट हवं तर रोगी दिसायला हवं, म्हणून मी ठरवलं होतं की थोडं वाढवून सांगायचं. पण त्याची गरजच पडली नाही.

"सुबह उठ के कैसा लगता है?"

"काहीतरी राहून गेल्यासारखं. ते केल्याशिवाय चहासुद्धा घशाखाली उतरत नाही." हे मी हिंदीत सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

"हज्बंड को मालूम था?"

"ते उठायच्या आतच आटोपायची. आंघोळ करून."

"स्नान?" डॉक्टरांचं पेन थांबलं.

"आंघोळीशिवाय हात कसा लावणार?"

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुन्हा लिहिलं. "जीता तो?"

"सगळं परत त्यातच."

"हारा तो?"

"आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायचं. मग दुसऱ्या दिवशी जास्त टाकायची."

"कब से है ये आदत?"

"लहानपणापासून. आईने लावली."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मदर ने?"

"तिला तिच्या सासूने लावली होती."

डॉक्टर उठले, मला ग्लासभर पाणी दिलं आणि खुर्ची जवळ ओढून बसले. इतक्या करुणेने माझ्याकडे आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. दाराच्या फटीतून ह्यांचा बूट दिसत होता, जमिनीवर टपटप आपटत. मला एकदा वाटलं, सगळं सांगून टाकावं. डॉक्टर, माझे सोमवार, माझे गुरुवार, माझं मौन, माझा देव्हारा. पण त्यांच्यापुढे सर्टिफिकेटचा कागद होता आणि पेनचं टोपण अजून उघडं होतं.

"मॅडम," ते माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "बुरा मत मानना. दवाई से ये नहीं जाएगा. एक बात बोलूं? आप थोडा भगवान का तरफ ध्यान दो. सुबह सुबह छोटा सा पूजा करो. हफ्ता में एक उपवास रखो. कोई छोटा नियम पकडो. मैंने बहुत पेशंट को ऐसा ठीक होता देखा है."

मी मान खाली घातली.

"पहले पहले मन नहीं लगेगा," सही करता करता ते धीर देत म्हणाले. "लेकिन छोडना नहीं."

"कोशिश करूंगी, डॉक्टर," मी म्हटलं.